बसलेलं पाणी

प्रिय वहिनी,

एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. तुला यापुढे काय म्हणायचं हा प्रश्न तुझ्या फोनपासून मनात आहे. दादा जाऊन इतकी वर्षं झाली तरी तू वहिनीच राहिलीस. आता तुझी बातमी ऐकल्यावर हा शब्द वापरायचा हक्क माझ्याकडे उरला, की तो दुसऱ्या कुणाच्या तरी बहिणीकडे गेला, हे बराच वेळ घोळवत बसले. शेवटी ठरवलं की बदलायचं असेल तर तू सांगशील, मी आपणहून बदलणार नाही. तू म्हणशील, झालं, लागली मोजपट्टी मोजायला. लागू दे. मला मोजपट्टी म्हणून हाक मारणारी तू एकटीच उरली आहेस.

तुझा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी होते आणि आई पलीकडच्या खोलीत. तू एक बातमी दिलीस आणि एक गोष्ट विचारलीस. बातमीवर मी "अगंबाई!" म्हणाले आणि विचारलेल्या गोष्टीवर "बघते, कळवते." नळ दुरुस्त करणारा आपल्याला असंच सांगतो आणि मग महिनाभर फिरकत नाही. फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली. आईने विचारलं, "कोण होतं?" मी सांगितलं, तुझ्या लग्नाचंही सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि उशीचा अभ्रा बदलायला लागली. तो तिने आदल्याच दिवशी बदलला होता. त्यानंतर कितीतरी दिवस तुझं नाव आमच्या घरात निघालं नाही. तू मात्र असं समजू नकोस की आम्ही रागावलो. निदान मी तरी नाही. उत्तराला उशीर झाला त्याला कारण आहे, आणि ते कारण मासे आहेत. ऐकून हसू नकोस, किंवा हस, पण मग पुढे वाच.

आमच्याकडे मत्स्यालयात मोठ्या टाकीतले मासे गेले, हे तू वर्तमानपत्रात वाचलंच असशील. त्या चार ओळींत काहीच आलं नव्हतं. सोमवारी मत्स्यालय बंद असतं आणि त्या दिवशी आम्ही मोठ्या टाकीतलं थोडं पाणी काढून नवं भरतो. पाणी शहराच्या नळाचंच. जंतू मारायला त्यात जे औषध घालतात ते माणसाच्या पोटाला चालतं, माशाला नाही, कारण ते कल्ल्यांतून सरळ रक्तात उतरतं. म्हणून तळघरात कोळशाच्या दोन उंच टाक्या आहेत. पाणी त्यांतून जाताना कोळसा ते औषध शोषून घेतो. हे मी कुणाला सांगते आहे! तुमच्या न्हाणीघरात याच टाक्यांची धाकटी भावंडं होती, आणि त्यांच्यावर तू टॉवेल वाळत घालायचीस.

तर सोमवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी येते. कोळशाच्या टाकीनंतर एक लहान तोटी आहे. तिच्यातून काचेच्या नळीत पाणी घेते आणि तपासणीच्या पावडरची पुडी टाकते. पाणी नितळ राहिलं तर ठीक, गुलाबी झालं तर विष. ते नितळच राहतं. मी भिंतीवरच्या तक्त्यावर सही करते आणि मग आमचा पाणकोंबडा मोठा व्हॉल्व्ह उघडतो. हा टाकीत बुडी मारून आतून काचा घासतो आणि माशांना खायला घालतो. आम्ही सगळे त्याला पाणकोंबडाच म्हणतो आणि फोन उचलला की तोही "पाणकोंबडा बोलतोय" म्हणतो. त्या सोमवारीही असंच झालं. मी सही केली, त्याने व्हॉल्व्ह उघडला. दुपारच्या आत मासे वर यायला लागले. तोंडं पाण्याबाहेर काढून, जसं काही आम्हालाच काहीतरी विचारताहेत. पाणकोंबड्याने आरडाओरडा केला, व्हॉल्व्ह बंद केला, विषावरचा उतारा म्हणून आम्ही ठेवतो ती पावडर पोतंभर ओतली, हवेचे सगळे पंप लावले. मी जिन्यावरून धावत आले तेव्हा तो कपड्यांनिशी पाण्यात उतरून एकेका माशाला दोन्ही हातांनी धरून पुढे ढकलत होता. ते पोहत राहतील तर जगतील म्हणून. संध्याकाळपर्यंत टाकी जवळजवळ रिकामी झाली. राहिले फक्त आजोबा. म्हणजे तो लांबुळका, सापासारखा मासा, ज्याला फुप्फुसं असतात आणि जो अधूनमधून वर येऊन तोंडाने हवा घेतो. तू एकदा त्याला बघून म्हणाली होतीस, "हा अगदी आपल्या घरमालकांसारखा दिसतो, भाडं मागायला वर येतो."

त्यानंतर जो उठला तो आपलं कारण घेऊन आला. पंपवाला म्हणाला, पाण्यात करंट उतरला असणार. रंगारी शपथेवर सांगत होता की आपण त्या बाजूला ब्रशसुद्धा नेला नव्हता, त्याला कुणी विचारलंही नव्हतं. माशांचे डॉक्टर आधी म्हणाले साथ, मग म्हणाले साथ इतक्या घाईने येत नाही. कुणी म्हणालं प्राणवायू संपला, पण मापकावर तो भरपूर होता. तिकीट खिडकीवरच्या बाईंनी तर सांगितलं, "कंटाळले असतील हो! एकाच काचेत किती वर्षं काढायची?" मी हसले, आणि मग स्वच्छतागृहात जाऊन रडले. डॉक्टरांनी दोन मासे कापून पाहिले. रक्त लाल नव्हतं, चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी झालं होतं. म्हणजे हवा होती, पण रक्ताला ती धरता येत नव्हती. आजोबा का वाचले तेही त्यावरून थोडं कळलं. त्यांचा बराचसा कारभार फुप्फुसांवर चालतो, कल्ल्यांतून त्यांनी फारसं काही आत घेतलंच नाही. म्हणजे विषच. पण कुठलं? टाकीतलं पाणी तपासलं तर त्यात काही सापडेना. ती पोतंभर पावडर पडल्यावर सापडणारही नव्हतं.

मग बाटली सापडली. टाकीच्या वर लोखंडी जाळीचा अरुंद रस्ता आहे, तिथे काच पुसायच्या नव्या औषधाची बाटली आडवी पडली होती, बिनझाकणाची, अर्धी रिकामी. रविवारी संध्याकाळी काच पुसली होती पाणकोंबड्याने. संचालकबाईंनी त्याला बोलावलं. मीही तिथेच होते. तो म्हणाला, "झाकण लावलं होतं मी. लावलं होतं…" आणि मग थांबून, "बहुतेक." वहिनी, त्या "बहुतेक"ने त्याचा घात केला. खोटारडा माणूस छातीठोकपणे सांगून मोकळा झाला असता. याने खरंच आठवून पाहिलं आणि त्याला आठवेना. बाईंनी त्याला चौकशी पूर्ण होईपर्यंत टाकीकडे फिरकायचं नाही असं सांगितलं आणि बाहेरच्या दालनात झाडू मारायला लावलं. मला सांगितलं, शुक्रवारपर्यंत कारणाचा अहवाल द्या. कारण साफ लिहिलंत की पुढचं मी बघते. पुढचं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाही.

आणि मी काय करत होते? मी घरी रोजनिशीत रोज पानभर लिहीत होते की घाईने निष्कर्ष काढायचा नाही, आणि मनातून बाटलीकडेच झुकत होते. कारण माझं पाणी तर नितळ होतं. माझ्या सह्या स्वच्छ होत्या, वर्षानुवर्षांच्या. पाण्याचा काही दोष नाही म्हटल्यावर बाटलीशिवाय उरतं काय? एवढंच खटकत होतं की बाटलीतल्या औषधाने रक्त असं तपकिरी होतं, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडत नव्हतं. मी स्वतःला सांगितलं, पुस्तकात सगळंच कुठे असतं. बघ, मोजपट्टीसुद्धा हवं तिथे ताणता येते.

गुरुवारी संध्याकाळी घरी आले. उद्या अहवाल द्यायचा होता. मनात वाक्यसुद्धा तयार होतं. आई स्वयंपाकघरात हंडा भरायला उभी होती. तिने नळ सोडला आणि हंडा खाली धरलाच नाही, पाणी तसंच वाहू दिलं. मी आधीच वैतागलेली. म्हटलं, "आई, काय चाललंय? वाया जातंय पाणी." तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, "जाऊ दे थोडं. बसलेलं पाणी खोटं बोलतं." आणि मग नळाकडेच बघत, "तिची सवय. लागली ती लागली."

तुझा फोन आल्यानंतर तुझ्याबद्दल ती पहिल्यांदा बोलली ते हे. पण खरं सांगते, त्या क्षणी माझ्या ते लक्षातच आलं नाही. मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीवर बसले, आणि तुमचं न्हाणीघर जसंच्या तसं डोळ्यांपुढे आलं.

तुला आठवतं? दादाचं डायलिसिसचं मशीन घरी आणलं तेव्हा मी अगदी तज्ज्ञ म्हणून आले होते. घरात पाण्यातलं कळणारी मी एकटी, आणि दादाचं रक्त धुणार होतं ते पाणीच. पलंगाशेजारी ते मशीन, खिडकीत तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाट्या वाळत ठेवलेल्या, आणि न्हाणीघरात कोळशाच्या टाक्या. तू पदर खोचून नळ सोडलास आणि नुसती उभी राहिलीस. मी म्हटलं, "अगं, घे ना नमुना, कसली वाट बघतेस?" तू म्हणालीस, "आधी वाहू दे पाव तास. बसलेलं पाणी खोटं बोलतं." दवाखान्यातल्या नर्सने तुला नियम शिकवला होता, हे वाक्य मात्र तुझं. मी हसले. म्हटलं, "पाणी कसं खोटं बोलेल? पाणी ते पाणी." दादा आतून ओरडला, "तिच्याशी वाद घालू नकोस, ती मला घरातसुद्धा इंडिकेटर द्यायला लावते!" तू दोघांकडेही लक्ष दिलं नाहीस. घड्याळाकडे बघत उभी राहिलीस. मग नमुना घेतलास, पुडी टाकलीस, नळी उजेडात धरलीस आणि मगच त्याला मशीन लावलंस. दर दिवसाआड, सगळी वर्षं. तू तापाने फणफणलेली असताना, रात्रीची जागलेली असताना, त्याच्याशी भांडण झालेलं असताना. एकदा तर तुमचा इतका कडाक्याचा वाद झालेला की तू न्हाणीघरातून ओरडत होतीस, "मला तुझं तोंड बघायचं नाहीये!" आणि नळी तेवढी उजेडात धरून होतीस.

मी शुक्रवारी सकाळी तळघरात गेले. पाणकोंबडा दालनात झाडू मारत होता. म्हटलं, चल माझ्याबरोबर. तो म्हणाला, "मला खाली यायची बंदी आहे, ताई." मी म्हटलं, "टाकीकडे यायची बंदी आहे, तोटीपाशी नाही." तो आला. मी नेहमीसारखा तोटीतून पहिल्या धारेचा नमुना घेतला, पुडी टाकली. नितळ. अगदी पाण्यासारखं नितळ. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, त्याने ते शंभरदा पाहिलं होतं. मग मी पाणी गटाराकडे वळवून मोठा व्हॉल्व्ह उघडला आणि आम्ही दोघं उलट्या बादल्यांवर बसलो. त्याने विचारलं, "कशाची वाट बघतोय आपण?" मी म्हटलं, "माझ्या वहिनीच्या घड्याळाची." पाव तासाने दुसरा नमुना घेतला. पुडी टाकली आणि नळी हलवायच्या आतच पाणी गुलाबी झालं. फिकट नाही. लग्नाच्या आमंत्रणाच्या पाकिटासारखं गुलाबी.

रात्रभर कोळशाला टेकून बसलेलं पाणी स्वच्छच असणार गं. कोळसा कितीही थकलेला असो, रात्रभराच्या सवडीत तेवढ्या पाण्यातलं विष तो शोषतोच. पण व्हॉल्व्ह उघडून पाणी धावायला लागलं की त्याला ते जमत नाही. म्हणजे मी इतकी वर्षं फक्त रात्रीचं बसलेलं पाणी तपासत होते आणि टाकीत जायचं ते दुसरंच. आणि ही पद्धत कुणाची होती? माझीच. माझ्या आधीचे गृहस्थ पाणी सुरू झाल्यावर तपासायचे. मला ते गबाळं वाटलं. मी म्हटलं, टाकीत एक थेंब जायच्याही आधी तपासायला हवं. काळजीपोटी केलं, वहिनी. लवकर उठून केलं. कोळसा ताजा होता तोवर ते खपून गेलं. नंतर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत फोन केला तेव्हा तिथला कारकून सहज म्हणाला, हो, मोठी पाइपलाइन दुरुस्त केली म्हणून या पंधरवड्यात औषध वाढवलंय, सगळ्या दवाखान्यांना कळवलंय. माशांना कळवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पाणकोंबडा त्या गुलाबी नळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी नाही?" मी म्हटलं, "तू नाहीस." "आणि झाकण?" "झाकण तुझं तू शोध." तो हसला नाही. मग त्याने हिशेब पुरा केला. "म्हणजे तुम्ही." मी म्हटलं, "हो." मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ द्या ताई, होतं असं. तो नुसता उठला, व्हॉल्व्ह बंद केला आणि वर गेला. मला वाटतं, ते माशांसाठी होतं. त्या दिवशी तो एकेकाला हातात धरून पोहवत होता ना. मी त्याच्या जागी असते तर मीही तसंच केलं असतं.

संचालकबाईंना मी दोन्ही नळ्या दाखवल्या. त्या म्हणाल्या, "पण तुमचे तक्ते तर सगळे स्वच्छ आहेत." मी म्हटलं, तेच तर. त्यांनी गुलाबी नळी माझ्याकडे परत सरकवली आणि मला जाणवलं की बाटली त्यांनाही सोयीची होती, माझ्याइतकीच. अहवालात मी "सर्वांत संभाव्य कारण" लिहिलं. त्या म्हणाल्या "संभाव्य" काढा, नक्की लिहा. मी काढलं नाही. मासे मेले तेव्हाचं पाणी मी तपासलं नव्हतं, त्याचं नक्की मी कसं लिहू? मात्र बाटलीचं नाव कुठेही येऊ दिलं नाही. मला लेखी ताकीद मिळाली, मिळायलाच हवी होती. नोकरी राहिली. पाणकोंबडा टाकीवर परत गेला. आता तक्त्यावर दोन सह्या लागतात, दुसरी त्याची. काही आठवडे तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. मग परवा सोमवारी मी नळी घेऊन पुढे झाले तर हाताने अडवून म्हणाला, "वाहू द्या, ताई, वाहू द्या. तुम्हाला फार घाई." आणि उलट्या बादलीवर ऐटीत बसला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. वाहू दिलेलं ते पाणी आता बागेत जातं. नवे मासे अजून आणले नाहीत. आजोबा एकटेच असतात आणि वेळ झाली की वर येऊन भाडं मागून जातात.

आता मला जे लिहायचं आहे ते अवघड आहे, म्हणून सरळ लिहिते. त्या माशांचं तपकिरी रक्त मी पाहिलं, आणि घरी येऊन मला झोप लागेना ती माशांमुळे नव्हे. तेच पाणी, तेच औषध, तोच कोळसा. तुमच्या न्हाणीघरातही कोळसा कधीतरी थकत होताच. तू तीन-चारदा रात्री-अपरात्री दवाखान्यात फोन करून टाक्या बदलून घेतल्यास, आणि आम्ही म्हणायचो, हिला जरा जास्तच भीती वाटते. दादा शेवटी हृदयाने गेला, बाल्कनीतल्या खुर्चीत, मशीन नसलेल्या दिवशी, वर्तमानपत्र मांडीवर ठेवून. लोक भेटायला आले तेव्हा सगळे म्हणाले, बिचारीने खूप केलं. पण काय केलंस ते कुणाला माहीत नव्हतं, मलाही नाही. कारण तू जे केलंस त्याने काहीच घडलं नव्हतं. रक्त लालच राहिलं. घडलंच नाही त्याची आठवण कोण ठेवणार आणि त्याचे आभार कसे मानणार? माझ्या हातून ते घडलं तेव्हा कुठे मला समजलं, की दर दिवसाआड तू त्याला कशातून परत आणत होतीस. आम्हाला माझा भाऊ जितकी वर्षं मिळाला, ती तुझ्या त्या पाव-पाव तासांची बनलेली होती. वहिनी, मी तुझी फार फार आभारी आहे. आभार मानलेले तुला आवडत नाहीत, तू लगेच गिअर बदलतेस. या वेळी बदलू नकोस.

आईला मी शुक्रवारीच सगळं सांगितलं, तुझ्या वाक्याने काय केलं तेही. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तो काय करतो गं?" मला आधी कळलंच नाही ती कुणाबद्दल विचारते आहे. मग तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचं सांगितलं, घड्याळं दुरुस्त करतो, आणि तुझ्याकडे गाडी शिकायला आला होता, तीनदा नापास झाला. आई म्हणाली, "तीनदा? आणि तरी येत राहिला?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग माणूस बरा असेल." आणि हसली, दादासारखं, एकाच गालाने. परवा तिने कपाटातून दादाचं मनगटी घड्याळ काढून दाखवलं. बंद पडलंय. म्हणाली, "हे त्याला होतं का बघ म्हणावं." सोबत पाठवते आहे. त्याने ते दुरुस्त करून वापरावं की नुसतं दुरुस्त करावं, हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तुम्ही दोघं ठरवा.

आता तुझ्या विचारण्याचं उत्तर. नोंदणी कचेरीत तुझ्या बाजूने साक्षीदार म्हणून सही करशील का, असं तू विचारलंस, आणि पुढे घाईने म्हणालीस, तुला अवघड वाटत असेल तर राहू दे, स्कूलमधलं कुणीही करेल. मला अवघड वाटलं होतं. दादाची बहीण म्हणून थोडं, आणि मग मासे गेल्यावर वेगळ्याच कारणाने. माझ्या सहीवरचा माझाच विश्वास उडाला होता. जे मी नीट पाहिलं नाही त्यावर मी वर्षानुवर्षं सही करत आले होते, आता आणखी कशावर करू? म्हणून इतके दिवस गेले. पण हे सगळं लिहिता लिहिता लक्षात आलं की एक गोष्ट मी पहिल्या धारेची पाहिलेली नाही. ती मी वर्षानुवर्षं, तापात, भांडणात, जागरणात, वाहत असताना पाहिली आहे. तिथल्या साहेबांनी विचारलं, या बाईंना किती ओळखता, तर माझ्याजवळ उत्तर आहे, आणि त्यात "संभाव्य" लिहायची गरज नाही. मी येते, वहिनी. सही मीच करणार, स्कूलमधल्या कुणाला विचारू नकोस. आईही येते आहे. तिची एकच अट आहे, स्टेशनवरून आम्हाला न्यायला गाडी घेऊन तू यायचंस, त्याला पाठवायचं नाही.

तू काहीही म्हण, नाहीतर काहीच म्हणू नकोस, मी आहे ती,

तुझीच
मोजपट्टी